नाक्यापल्याडची सावड

माझं लग्न ठरलं ते दोन बैलांमुळं. हसा खुशाल, पण आहे ते आहे. माझं माहेर पैनगंगेच्या पल्याड, वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या अमलात. सासर नदीच्या अल्याड, कनेरगाव नाक्याजवळ, निजामाच्या मोगलाईत. मधी नदी, आणि सडकेवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. तिकडं इंग्रजांचा कलदार रुपया चालायचा, इकडं निजामाचा हाली. तिकडं कचेरीला रविवारी सुट्टी, इकडं शुक्रवारी. पण आमच्या आबांचं वावर आणि माझ्या सासऱ्यांचं वावर नदीच्या दोन अंगांना अगदी समोरासमोर होतं. इकडून हाक मारली की तिकडं ऐकू जायची.

आबांकडं एक ढवळा बैल होता आणि सासऱ्यांकडं एक तांबडा. एका बैलानं औत चालत नाही, हे काही कुणाला समजावून सांगायला नको. म्हणून दोघांनी सावड केली होती. तुझा बैल आणि माझा बैल मिळून एक जोडी. आधी एकाचं वावर पेरायचं, मग दुसऱ्याचं. माझ्या जन्माच्या आधीपासून ती चालत आलेली, बैल बदलत गेले पण सावड तीच. नाकेदार दाढीवाला, गमत्या माणूस होता. बैल येताना दिसला की खाटेवरून न उठताच म्हणायचा, "ये बैल तो दो सरकारों की रैयत है! जाने दो." शेतीच्या बैलाला त्यानं कधी अडवलं नाही.

एका पेरणीच्या दिवशी दोघं बांधावर भाकर खात बसले होते. सासरे, म्हणजे तवा अजून सासरे झालेले नव्हते, म्हणाले, "बैल एका जुवाखाली बरे चालून राहिले. लेकरांचंबी पहावं का?" आबा म्हणाले, "पहावं की." झालं! ना पाहुणे, ना पंचायत. आधी बैलांची सोयरीक झाली, मागून माझी. लढाई चालू होती तवाची गोष्ट. लग्नात नेसायला धड लुगडं मिळंना, इकडंही नाही आणि तिकडंही नाही.

सासरी आले तर गल्लीतल्या बायांनी माझं नाव पाडलं, कलदारी. पाण्याला गेलं की, "आली बाई कलदारी." मी काय गप बसणारी? एकदा घागर खाली ठेवली आणि म्हणाले, "खोटी वाटत असंन तर वाजवून पहा!" तेव्हापासून त्यांचं तोंड जरा आवरलं. खरं म्हणजे त्यातल्या निम्म्या जणी माझ्याच बाजूच्या गावांतून आलेल्या. नदी काय, सडक काय, सोयरिकीला कुणी नाका लावलेला नव्हता.

सासूबाईंचं आणि माझं मात्र सुरवातीपासून जमलं. दुपारी डाळ निवडत बसलो की त्या त्यांच्या सालांच्या गोष्टी सांगायच्या आणि मी माझ्या. त्यात एक मजा आमच्या ध्यानात आली. त्या म्हणायच्या, "एका साली कापूस कुणी विचारंना. कासार दारात आला अन् आमी समद्या बाया आत पळालो." मी म्हणायची, "अगं बाई, त्याच साली आमच्याकडं कासार आला तवा माझ्या आईनं कडी लावून घेतली होती! मी लहान होते, बांगड्यांसाठी रडून गाव डोक्यावर घेतलं होतं." मग लढाईत कापसाला भाव चढला ते साल निघालं. त्या साली वाशीमच्या बाजारात आबांनी मला चांदीचे वाळे घेतले, आणि हिंगोलीच्या बाजारात सासऱ्यांनी सासूबाईंना पुतळ्यांची माळ केली. कासाराचं पोटसुद्धा दोन्ही बाजूंना एकाच वेळी भरायचं आणि एकाच वेळी उपाशी राहायचं.

आमी एकेक साल असं जुळवून पाहिलं. पुरण झालं तर दोन्हीकडं, नाही तर कुठंच नाही. वाशीमला कापूस उतरला की पुढच्या बाजाराला हिंगोलीत उतरलाच म्हणून समजा. सासूबाई डाळीतला खडा भिरकावून म्हणाल्या, "मंग नाका कशाला ठुला मेल्यांनी? मंदी तर नाक्याच्या चिठ्ठीबिगर येऊन राहिली, तेजीबी बिगरचिठ्ठीची. अडून कोण राहतं, तर माझ्या भावानं पल्याडून धाडलेली साखर!" मी इतकी हसले की सूप सांडलं. त्याही हसल्या, मग दोघी मिळून डाळ वेचत बसलो.

पण या जुळून येण्याचा एक ताप होता, आणि तो सगळा सावडीला भोवायचा. नदीच्या दोन्ही अंगांना आभाळ एकच. पाऊस दोन्हीकडं बराबर पडायचा आणि पेरणीचा वाफसा दोन्हीकडं एकाच दिवशी यायचा. वाफसा म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, बियाणं टाकावं तर आत्ताच. तो राहून राहून किती राहणार? दोन-तीन दिवस. जोडी एक आणि वावरं दोन. ज्याचं आधी पेरलं त्याची ज्वारी कमरेला लागायची, मागच्याची गुडघ्याला. म्हणून नेम ठरला होता की एक साल तुमी आधी, एक साल आमी. नेम चांगला, पण दरसाली पाळी कुणाची यावरून दोघा व्याह्यांची अशी जुंपायची की नाकेदारानं मधी पडावं. "मागच्या साली तुमचंच आधी होतं, इवाई." "काहून? ते त्याच्या मागच्या साली!" आबा नदीपल्याडून ओरडायचे, सासरे अल्याडून. गावाला फुकटचा तमाशा. संध्याकाळी पुन्हा एका चिलमीवर.

मग लग्नानंतरचं चौथं साल उगवलं आणि नाका बंद झाला. दोन सरकारांचं फाटलं होतं. इंग्रज गेलेले, तिकडं आता आपलं राज्य, आणि इकडं निजाम काही ऐकायला तयार नाही. त्या दिवसांत फार वाईट वाईटही घडलं, ते सांगायला दुसरे लोक आहेत. मी माझं सांगते. सडकेवर बंदूकवाले उभे राहिले. आमचा गमत्या नाकेदार कुठं बदलून गेला, कळलंही नाही. रॉकेल येईना, कापड येईना. कनेरगावचा बाजार भरायचा तो नावाला, चार म्हाताऱ्या आणि एक लसणाची पाटी. सरकी पलीकडं जाईना म्हणून इकडं पडून, आणि पलीकडचे गाडीवाले बिनभाड्याचे बसून. इकडं गल्लीत बाया उदास, तर तिकडं माझ्या आईच्या गल्लीत काही नगारे वाजत नव्हते.

आणि बैल? तांबडा आमच्या गोठ्यात, ढवळा आबांच्या.

वाफसा आला. सकाळी सासऱ्यांनी वावरातली मूठभर माती उचलली, दाबली, सोडली. ढेकूळ अलगद फुटलं. "आला," म्हणाले, आणि डोक्याला हात लावून बांधावर बसले. शेजारी एक मेंढरंवाला राहायचा, चांगला माणूस. त्याचा सावडीतला जोडीदारही वऱ्हाडातलाच, म्हणून त्याच्याकडंही एकटाच बैल. तो आपणहून आला. म्हणाला, "मामा, माझा एक, तुमचा एक. जुपू अन् मोकळे होऊ. आधी तुमचं पेरा, मंग माझं."

सासरे नाही म्हणाले. आमच्याकडं नेमच तसा. सावडीतला बैल जोडीदाराला न विचारता दुसऱ्याच्या औताला जुपला की सावड मोडली. आणि विचारणार कसं? नदीच्या काठाला उभं राहून हाक मारायची सोय राहिली नव्हती, बंदूकवाल्यांना हाक म्हणजे इशारा वाटायचा. मेंढरंवाला म्हणाला, "अवो, त्याहींना काय कळणार हाय?" सासरे म्हणाले, "त्याला न्हाई कळणार. मला कळंन ना."

वावर पडीक राहिलं तर सालभर खायचं काय? आणि सावड मोडली तर? मला कुणी काही म्हटलं नसतं, पण मी तर त्या सावडीतूनच या घरात आले होते. माझ्या माहेराची आणि सासरची तेवढीच एक गाठ उरली होती. नाका बंद झाल्यापासून मी आबांचं तोंड पाहिलं नव्हतं, आईचं नाही, कुणाचंच नाही. इळभर मी कुणाशी बोलले नाही. सासूबाईंनी विचारलं, "काहून गं, आज कलदारी वाजंना?" तर मला रडूच फुटलं.

संध्याकाळी सासऱ्यांनी आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जवळ बसवलं. म्हणाले, "मागच्या साली आधी आपलं पेरलं होतं. म्हणजे औंदा पाळी त्याहींची. पहाटं तांबडा घेऊन खालच्या उताऱ्यानं, पाणी उथळ हाय तिथून, नदी ओलांड. त्याहींचं पेरून दे, मंग दोन्ही बैल घेऊन ये." मी आतून ऐकत होते. आजवर ज्या माणसानं पाळी आपलीच म्हणून घसा बसवला, तो आज व्याह्याची पाळी आहे म्हणून लेकाला बंदुकीसमोर धाडत होता! मला भीती वाटली आणि अभिमानही वाटला. मालकांना मी दशमी बांधून दिली. ते हसून म्हणाले, "तुझ्या आईला काय सांगू?" मी म्हणाले, "सांगा, पोरगी खोटी निघाली नाही."

फटफटायला ते गेले. खालच्या उताऱ्याला पळसाची दाटी होती, तिथं पहारा नसायचा. मी अंगण झाडायला घेतलं, पण ध्यान सगळं नदीकडं. बंदुकीचा आवाज आला नाही. ऊन वर आलं. आता पोचले असतील, म्हटलं, आणि शेण उचलायला गोठ्यामागं गेले.

तर समोरून ढवळा बैल येऊन राहिला!

मला वाटलं, डोळ्यांपुढं आलं काहीतरी. बैलाच्या मागं कासरा धरून आबा. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याचं मुंडासं काखेत. मला पाहून असे हसले, जसं काही बाजारातून परत आले. "वरच्या उताऱ्यानं आलो, माय," म्हणाले. "तिकडं कोणी नसते. चाल, इवायाला उठव. तुमचं पेरून घेऊ."

मी शेणाचे हात तसेच घेऊन त्यांच्या गळ्यात पडले. मग भान आलं. "आबा, हे तिकडं गेलेत!"

"कोण?"

"तुमचे जावई! तांबडा घेऊन! खालच्या उताऱ्यानं, तुमचं पेरायला!"

आबा बैलाकडं पाहत राहिले, मग माझ्याकडं, आणि मग मटकन खालीच बसले आणि हसत सुटले. सासरे धावत आले, त्यांना वाटलं कुणाला काही झालं. पाहतात तर व्याही शेणात बसून हसतोय आणि सून पदर तोंडात घालून उभी. कळल्यावर ते हसले नाहीत, चिडले. "तुमी कशाला आले? पाळी तुमची व्हती!"

"माझी काहून?" आबा उठून उभे राहिले. "मागच्या साली तुमची पयली पेरणी करपली. मग माझं पेरलं, मग तुमचं दुबार. उगवलेलं आधी कोणाचं? माझं. म्हणजे औंदा पाळी तुमची."

"करपली तरी पेरणी ती पेरणीच! आधी आमचं झालं!"

"उगवलं नाही त्याले पेरणी म्हणते का कोणी?"

झालं सुरू. दरसाली पाळी आपल्याकडं ओढणारे दोघं त्या दिवशी ती दुसऱ्याच्या गळ्यात बांधून राहिले होते, आणि तेवढ्याच जोरानं. सासूबाई ओट्यावर बसून कपाळाला हात लावून हसत होत्या. मेंढरंवाला शेजारी कुंपणावरून पाहत होता. आणि ऊन चढत होतं, वाफसा चालला होता, आणि बैल होता पुन्हा एकच! आदल्या दिवशी तांबडा होता, आज ढवळा, एवढाच फरक. त्यात सांगत कोण आलं, तर गुराखी पोरं, नदीला वरून लोंढा आला म्हणून. आता ना आबा परत जाणार, ना आमचे मालक इकडं येणार.

मी सासऱ्यांसमोर कधी बोलले नव्हते. डोक्यावरचा पदर पुढं ओढायचा आणि आत जायचं, एवढंच. पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं. गोठ्यातून जू ओढून आणलं आणि दोघांच्या मधी आपटलं. म्हणाले, "मामा, जोडीदाराला विचारल्याबिगर बैल जुपायचा न्हाई, असाच नेम हाय ना? हा बघा जोडीदार. घ्या विचारून! आबा, ढवळा मेंढरंवाल्याच्या बैलासंगं जुपायला तुमची ना हाय का?"

आबा म्हणाले, "माही कशाची ना?"

"मामा, तुमची?"

सासरे वाकले आणि त्यांनी जू उचललं. मला वाटलं, आता काही खैर नाही. ते म्हणाले, "ही कलदारी लईच खणखणीत निघाली की!" आणि कुंपणाकडं वळून ओरडले, "काय बघून राहिला रे, बैल आण!"

ढवळ्यानं आधी शेजाऱ्याच्या बैलाला शिंग दाखवलं. आबांनी दोघांच्या मधी उभं राहून दोघांची मानेखालची लोंबती पोळी खाजवली, शिव्याही घातल्या, लाडाच्या. पहिली दोन तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, वाकडी गेली. तिसऱ्याला पावलाला पाऊल लागलं. तिफण आबांनी धरली आणि चाड्यावर, म्हणजे बियाणं सोडायच्या वाटीवर, मूठ मी धरली. लहानपणी माहेरच्या वावरात मी त्यांच्या मागं असंच चालायची, पण तेव्हा वावर त्यांचं होतं. आता माझं. आबा पुढं बघत चालले होते आणि मी त्यांच्या पाठीकडं बघत ज्वारी सोडत होते. इतकं सुख वाटत होतं की मूठ सैल सुटायची. "दाट पडून राहिलं, माय," ते मागं न पाहता म्हणायचे. त्यांना कसं कळायचं कोण जाणे.

तिन्ही सांजेला शेवटचं तास निघालं. दुसऱ्या दिवशी मेंढरंवाल्याचं पेरून द्यायचं ठरलं. पल्याड काय झालं ते नदी उतरल्यावर मालक आले तेव्हा कळलं. आई त्यांना तांबड्यासकट दारात पाहून आधी घाबरली आणि मग शेजाऱ्याचा बैल मागायला पळाली. नेमाचं काय, म्हणून ह्यांनी विचारलं, तर म्हणाली, "त्या दोघांचा नेम त्या दोघांपाशी. तुम्ही तिफण धरा, जावईबापू." चाड्यावर मूठ तिनं धरली. म्हणजे दोन्ही वावरं एकाच दिवशी पेरून झाली, कुणीच मागं राहिलं नाही. असं त्या सावडीत आधी कधी झालं नव्हतं.

पण त्या संध्याकाळी हे काही ठाऊक नव्हतं. मी चुलीपुढं बसून भाकरी थापत होते आणि माझा जीव थोडा थोडा होत होता. आमच्यात बाप लेकीच्या घरी जेवत नाही. तिला मूल होईस्तोवर पाणीसुद्धा घेत नाही. लग्नापासून दर पेरणीला आबा घरून बांधून आणलेली भाकर बांधावर खायचे आणि पाणी नदीचं प्यायचे. मला चार वर्षांत लेकरू झालेलं नव्हतं. आईनं दिलेली भाकर सकाळीच संपली होती. नदीला पूर. इळभर तिफणीमागं चाललेला माणूस आज माझ्या दारात उपाशी झोपणार होता, आणि मला वाढता येणार नव्हतं. सासरे खाली मान घालून बसले होते.

आबांनी पाय धुतले. हात धुतले. सरळ आत आले आणि सासऱ्यांच्या शेजारी पाटावर बसले.

माझी भाकर तव्यावर तशीच राहिली. "आबा... इथं?"

"लेकीच्या घरी नाही बसलो, माय," ते म्हणाले. "ज्याचं वावर पेरलं त्याच्या घरी बसलो. सावडीतल्या गड्याले जेवू घालाव लागते. वाढ."

सासऱ्यांनी तोंड फिरवलं आणि डोळे पुसले. मी ताट केलं. भाकर, बेसन, कांदा. घाईत बेसन ताटाच्या काठावर सांडलं. आबांनी भाकर मोडली, घास घेतला, चावला. मी समोर उभी.

"मीठ कमी हाये," म्हणाले.

"नाका बंद हाय, आबा. मीठ तिकडूनच यायचं."

"मंग राहू दे. गोड लागून राहिलं." आणि ताट पुढं सरकवलं. "अजून एक दे."

मी दिली. मग आणखी एक दिली. ते नको म्हणत होते तरी मी वाढतच होते.